‘खाजन शेती’ टाकलं तर काहीच येत नाही, मग काय टाकायचं?

पत्र

ताई, मी चोडणची. पणजीत टी. वाय. बी. ए.ला आहे, विषय इतिहास. प्रकल्पासाठी ‘गोव्यातील खाजन शेती’ हा विषय घेतलाय, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या जमिनीवर बांध घालून केलेली शेती. सरांनी सांगितलंय की निदान दहा पुस्तकं हवीत, वेबसाइट चालणार नाहीत. दोन ग्रंथालयांत जाऊन संगणकावर ‘खाजन शेती’ टाकून पाहिलं. एकीकडे काहीच आलं नाही. दुसरीकडे एक पुस्तक दिसलं, पण ते कपाटात नव्हतं. जुनी पुस्तकं पोर्तुगीजमध्ये आहेत म्हणतात आणि मला ती भाषा येत नाही. इंटरनेटवर स्कॅन केलेलं जुनं पुस्तक मिळालं तर ते वेबसाइट धरायचं का? सहा आठवडे उरलेत. विषय बदलू का?

एक विद्यार्थिनी, चोडण

उत्तर

विषय बदलू नकोस. सहा आठवडे पुरतात. शिवाय मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कशी उघडते, भरतीला पाणी कुठून आत येतं, बांध कुठे खचतो हे तुला कुठलंही पुस्तक उघडण्याआधीच माहीत आहे. शहरातल्या विद्यार्थ्याला हे समजायलाच पंधरा दिवस लागतील. तुझं घोडं अडलंय ते शोधायच्या शब्दांपाशी.

ग्रंथालयाची संगणकीय तालिका, म्हणजे सगळे जिला ओपॅक म्हणतात ती, पुस्तकाच्या आत डोकावत नाही. तिच्यात प्रत्येक पुस्तकाची एक लहानशी नोंद असते: नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, वर्गांक आणि दोन-चार विषयशीर्षकं. तू ‘खाजन शेती’ टाकलंस तेव्हा तिने हे शब्द त्या नोंदींत आहेत का, एवढंच पाहिलं. चारशे पानी पुस्तकातली साठ पानं खाजनावर असली तरी तिला त्याचा पत्ता नसतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचंच उदाहरण घे. गोव्याच्या जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, ग्रामसंस्थेवर त्यांनी १९४७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि पुढे तो त्यांच्या १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात आला. पुस्तकाच्या नावात गोवा नाही, गाव नाही, जमीन नाही. ओपॅकमध्ये ‘गोवा’ टाकून ते पुस्तक समोर येईलच असं नाही. आणि मूळ लेख तर मुळीच सापडणार नाही, कारण ओपॅकमध्ये नियतकालिकाचं नाव असतं, त्यातल्या लेखांची नावं सहसा नसतात.

म्हणून खाजनावरचं पुस्तक शोधणं सोड. ज्या पुस्तकांत खाजन आल्यावाचून राहणार नाही, ती शोध.

त्याआधी अर्धा तास विषयालाच दे. ‘गोव्यातील खाजन शेती’ हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न नसला की प्रत्येक पुस्तक थोडं थोडं उपयोगी वाटतं आणि पिशवी जड होते. ‘मानशीच्या पावणीचं (तिथल्या मासेमारीच्या लिलावाचं) उत्पन्न कोणाकडे जायचं आणि १९६१ नंतर त्यात काय बदललं?’ हा प्रश्न आहे. ‘चोडणमध्ये बांधाची दुरुस्ती आधी कोण करायचं, आता कोण करतं?’ हाही प्रश्न आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीला तो जास्त शोभतो. दुसरा प्रश्न घेतलास तर कुठली पुस्तकं लागतील ते लगेच दिसायला लागतं: गावकरीचा, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचा इतिहास, कोमुनिदादीचा (त्याच संस्थेचं पोर्तुगीज नाव) कायदा, कूळ कायदा, आणि बांध-पाणी-मीठ यांचं शास्त्र. भातशेतीची सर्वसाधारण पुस्तकं आपोआप गळतात.

आता शब्दांकडे वळ. सगळ्यात जास्त वेळ इथे घालव, कारण गोव्यात एकाच गोष्टीला तीन-चार भाषांत नाव असतं आणि प्रत्येक भाषेत ते दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. वहीच्या एका पानावर चार रकाने आख: मराठी-कोंकणी, इंग्रजी, जुनी पोर्तुगीज, नवी पोर्तुगीज.

‘गावकरी’पासून सुरुवात कर. मराठीत १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे आधीच्या पुस्तकावर ‘गांवकरी’ असेल, नंतरच्यावर ‘गावकरी’. ‘कोंकण’ आणि ‘कोकण’ यांचं तसंच. संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून दोन्ही टाकायचे. पोर्तुगीजमध्ये हीच संस्था ‘कोमुनिदाद’ होते. १९११ साली पोर्तुगीज शुद्धलेखन सुधारलं. त्याआधी या शब्दात दोन ‘एम’ लिहीत, नंतर एक राहिला. १८५२ मध्ये फिलिप नेरी शाविएर यांनी कोमुनिदादींवर लिहिलेलं ‘बोस्केजु इस्तोरिकु’ हे या विषयातलं पायाभूत पुस्तक आहे. त्याच्या नावात दोन ‘एम’ आहेत. एकच ‘एम’ टाकलास तर ते पुस्तक ग्रंथालयात असूनही तुला दिसणार नाही. इंग्रजीत ‘व्हिलेज कम्युनिटी’, ‘व्हिलेज असोसिएशन’ आणि थेट ‘गांवकरी’ असे तिन्ही प्रयोग सापडतात. रुई गोमिश परेरा यांच्या १९८१ च्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात ‘गांवकरी’ आणि ‘व्हिलेज असोसिएशन’ दोन्ही आहेत. तुझ्या दहा पुस्तकांत हे हवंच.

‘खाजन’ इंग्रजीत बहुधा के-एच-ए-झेड-ए-एन असं लिहितात, पण ‘झेड’च्या जागी ‘जे’सुद्धा टाकून बघ. पोर्तुगीजमध्ये ते ‘काझाना’च्या रूपात येतं. मानशीला इंग्रजी पुस्तकात ‘स्लूस गेट’ म्हणतात, बांधाला ‘बंड’ किंवा ‘डाइक’. भरतीच्या जमिनीवर बांध घालून शेत करण्याला ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांत ‘रेक्लमेशन ऑफ लँड’ असं नाव आहे. हे कोणी बोलताना वापरत नाही, पण ग्रंथपालाने नोंद करताना तेच वापरलेलं असतं.

गावांच्या आणि तालुक्यांच्या नावांनी तर भलेभले फसतात. तुझं चोडण पोर्तुगीज कागदांत ‘शोरांव’ आहे, सी-एच-ओ-आर-ए-ओ. तिसवाडीला ‘इल्यास’ म्हणजे ‘बेटं’ म्हणत. गोव्यातला तालुका म्हणून ‘साष्टी’ टाकलंस तर मुंबईजवळच्या साष्टी बेटाचीही पुस्तकं येतील, कारण तेही पोर्तुगीजांकडेच होतं. नोंदीत वसई किंवा ठाणे दिसलं की ते पुस्तक बाजूला ठेव.

लेखकांची नावंही अशीच. तालिकेत आडनाव आधी असतं. पोर्तुगीज वळणाच्या नावात बहुधा शेवटचं आडनाव धरतात, पण ‘डि सोझा’ कुठे ‘डी’खाली असतो, कुठे ‘एस’खाली, आणि सोझात कुठे ‘झेड’ तर कुठे ‘एस’. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचं नाव पोर्तुगीज पुस्तकांवर मध्ये ‘एन’ आणि ‘के’ऐवजी ‘सी’ घालून छापलंय. त्यामुळे ‘के’ने शोधलंस तर त्यांची अर्धी पुस्तकं हाती लागत नाहीत.

आणखी एक. सरकारी अहवाल, संस्थांच्या पुस्तिका, जनगणनेचे खंड यांना लेखक नसतो. तालिकेत संस्थाच लेखक म्हणून नोंदलेली असते. लेखकाच्या रकान्यात ‘गोवा सरकार’ टाकून बघ, आणि ‘गोवा, दमण आणि दीव’ हेही टाकून बघ, कारण १९८७ पर्यंत राज्य नव्हतं आणि त्या काळातली प्रकाशनं त्या नावाने आहेत.

टंकताना ‘शीर्षक’ हा पर्याय बदलून ‘कोणताही शब्द’ किंवा ‘कीवर्ड’ निवड. मराठी पुस्तकांच्या नोंदी काही ठिकाणी देवनागरीत असतात, काही ठिकाणी रोमन लिपीत, म्हणून प्रत्येक मराठी शब्द दोन्ही लिप्यांत टाक. शब्दाचा मूळ भाग लिहून पुढे तारका टाकली तर बऱ्याच तालिकांत त्यापासून सुरू होणारे सगळे शब्द येतात. ‘गावकर’पुढे तारका टाकली की गावकरी, गावकरीचा, गावकरण सगळं एकदम दिसतं. ‘गावकऱ्या’ मात्र येत नाही: ‘री’चं ‘ऱ्या’ झालं की तारका चालत नाही, ते रूप वेगळं टाकावं लागतं. आणि एक जरी कामाचं पुस्तक मिळालं, तर त्याची पूर्ण नोंद उघड. खाली विषयशीर्षकं दिलेली असतात. त्यांतल्या एकावर टिचकी मारली की त्याच शीर्षकाखालची इतर पुस्तकं समोर येतात. स्वतः शब्द सुचवत बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी जवळचा.

आता कपाटं. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालयीन ग्रंथालयं ड्यूई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देऊन, लावलेली असतात, आणि खाजन त्या पद्धतीत एका जागी बसतच नाही. जमिनीची मालकी आणि अर्थकारण ३३३ मध्ये, समाजशास्त्र ३०१ ते ३०७, कायदा ३४० च्या पुढे, खारफुटीचं पर्यावरण ५७७ मध्ये, बांध-बंधाऱ्यांचं अभियांत्रिकी ६२७, भात ६३३, मासे ६३९, आणि भारताचा इतिहास ९५४. आठ कपाटं झाली. तुझ्या प्रश्नाला ३३३, ३४० आणि ९५४ ही तीन मुख्य, बाकीच्यांत प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं घालव. कपाटासमोर उभी राहिलीस की ज्या पुस्तकासाठी आलीस त्याच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा पुस्तकं काढून बघ. वर्गांक जवळचा म्हणजे विषय जवळचा, म्हणून या शेजाऱ्यांत बऱ्याचदा मूळ पुस्तकापेक्षा चांगलं काही निघतं.

तुला दिसलेलं पुस्तक कपाटात का नव्हतं, याची कारणं ठरलेली असतात. पहिलं आणि गोव्यातलं नेहमीचं: गोव्याविषयीची पुस्तकं बऱ्याच ग्रंथालयांत मुख्य रांगेत नसतात, वेगळ्या गोवा विभागात असतात. वर्गांक तोच, खोली वेगळी. तालिकेतल्या नोंदीत ‘स्थान’ किंवा ‘कलेक्शन’ असा रकाना असतो, तो न वाचता लोक फक्त आकडा टिपून घेतात. दुसरं, पुस्तक संदर्भ विभागात असतं. ते घरी मिळत नाही, तिथेच बसून वाचायचं. तिसरं, कोणीतरी नेऊन परत केलेलं असतं पण अजून काउंटरमागच्या ढिगात असतं. तेव्हा सरळ देवघेव काउंटरवर विचार. चौथं, पुस्तक बांधणीला गेलेलं असतं. पाचवं, कोणी वाचून चुकीच्या जागी खोचलेलं असतं. त्यासाठी वरचा आणि खालचा कप्पा बघ, आणि सारखे दिसणारे आकडे बदलून बघ, ३३३ चं पुस्तक कधी ३३८ मध्ये सापडतं. मोठ्या आकाराची पुस्तकं, नकाशे आणि अ‍ॅटलास सगळ्यात खाली आडवे ठेवतात. इतकं करूनही नाहीच मिळालं तर वर्गांक आणि दाखलांक, म्हणजे अ‍ॅक्सेशन नंबर, दोन्ही लिहून ग्रंथपालांना दे. वर्गांक एका पुस्तकाच्या सगळ्या प्रतींना सारखाच असतो, दाखलांक त्या एकाच प्रतीचा असतो. तो दिल्याशिवाय त्यांनाही नेमकी प्रत शोधता येत नाही.

पुस्तक हातात आलं की लगेच वाचायला बसू नकोस. दहा मिनिटांत ठरवायचं, घ्यायचं की ठेवायचं. आधी शीर्षकपानाच्या मागचं पान. तिथे प्रकाशनवर्ष असतं आणि आवृत्ती आहे की पुनर्मुद्रण हेही असतं. फोन्सेका यांचं गोवा शहरावरचं पुस्तक १८७८ चं आहे, आणि पुढे दिल्लीच्या प्रकाशकाने ते जसंच्या तसं पुन्हा छापलं. नवी कोरी प्रत बघून विद्यार्थी त्याला विसाव्या शतकातलं समजतात आणि १८७८ ची परिस्थिती ‘अलीकडची’ म्हणून लिहितात. असं एक वाक्य सापडलं की परीक्षकाचा पुढच्या पानांवरचा विश्वास उडतो.

मग अनुक्रमणिका, आणि त्यानंतर थेट शेवटची निर्देशसूची. निर्देशसूचीत तुझ्या शब्दांच्या पानावरचे सगळे शब्द शोध: खाजन, बंड, स्लूस, मानस, कोमुनिदाद, सॉल्ट पॅन, चोडण. एका शब्दापुढे ‘पान ११२’ एवढंच असेल तर ओझरता उल्लेख आहे. ‘११२ ते १२६’ असं असेल तर तिथे खरी चर्चा आहे, ते पुस्तक घे. मराठी पुस्तकांत निर्देशसूची बऱ्याचदा नसते. तिथे प्रकरणांची उपशीर्षकं आणि प्रत्येक प्रकरणाचं पहिलं आणि शेवटचं पान वाच. शेवटी तळटिपा आणि संदर्भसूची बघ. लेखकाने कागदपत्रं पाहिलीत की दुसऱ्याचंच पुस्तक परत सांगितलंय, हे तिथे कळतं. संदर्भच नसतील तर पुस्तक माहितीसाठी वाच, पुरावा म्हणून वापरू नकोस.

संदर्भसूचीचा दुसरा उपयोग जास्त मोठा आहे. एक चांगलं पुस्तक मिळालं की त्याच्या सूचीतली नावं पुढच्या फेरीला ओपॅकमध्ये टाकायची. परेरा यांच्याकडून शाविएरकडे जाता येतं, कोसंबींकडून आणखी मागे. तीन पुस्तकांच्या सूच्यांत जे नाव तिन्हीकडे येतं ते तुला टाळता येणार नाही, मग ते मिळवायला कितीही खटपट करावी लागो. या रीतीने पंचवीस-तीस पुस्तकं उघडून बघशील तेव्हा खरी दहा-बारा हाती राहतील. सरांनी दहा सांगितली म्हणून पहिली दहा उचलू नकोस.

आकड्यांच्या बाबतीत हाच माग काढणं फार गरजेचं आहे. गोव्यातल्या खाजन जमिनीचं क्षेत्र कुठे १७,५०० हेक्टर लिहिलेलं असतं, कुठे १८,०००. दोन्ही आकडे पुस्तकातून पुस्तकात उतरवले जातात. तू आकडा लिहिताना त्याच्या तळटिपेवर जा, तिथून त्या मूळ अहवालावर, आणि तो कोणत्या वर्षी आणि कशाची मोजणी करून काढला ते बघ. लागवडीखालचं खाजन मोजलंय की बांधाच्या आतली सगळी जमीन, मिठागरं आणि खारफुटी धरून? हे न बघता जुन्या आणि नव्या आकड्यांची वजाबाकी करून ‘इतकं खाजन नष्ट झालं’ असं लिहिलंस तर ते चुकीचं ठरू शकतं.

कुठे जायचं? पहिली खेप पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य केंद्रीय ग्रंथालयात. कदंब बसस्थानकावरून चालत जाता येतं. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सर्वात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी आहे. गोव्याविषयीची पुस्तकं आणि पोर्तुगीज काळातली छापील सामग्री इतकी दुसरीकडे क्वचित मिळेल. तिथे पहिल्याच दिवशी वि. त्र्यं. गुणे यांनी संपादित केलेलं १९७९ चं गोव्याचं गॅझेटियर मागव आणि शेती, जमीनमहसूल, इतिहास ही प्रकरणं वाच. पुढची सगळी नावं आणि सनावळी तिथून लक्षात राहतात. ते प्रकल्पात एकदाच संदर्भ म्हणून येईल, पण वाचल्यावाचून पुढे जाऊ नकोस. दुसरी खेप ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात. पिसुर्लेकर यांचा वैयक्तिक ग्रंथसंग्रह तिथे आहे. तिसरी पर्वरीला, १९७९ साली सुरू झालेल्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये. चौथी, मिठाच्या पाण्यातल्या कोरगुट भाताबद्दल काही लागलं तर, जुने गोवे येथील एला गावातली किनारी शेती संशोधन संस्था. तिच्या पुस्तिका विकत मिळणाऱ्या पुस्तकांत नसतात. ‘पुराभिलेखात जाऊ का?’ असंही तुझ्या मनात येईल. टी. वाय.च्या प्रकल्पाला सहा आठवड्यांत ते झेपत नाही. तिथली हस्तलिखित पोर्तुगीज वाचायला वेगळं शिक्षण लागतं. एम. ए.ला जा.

या सगळ्या ठिकाणी बाहेरच्या विद्यार्थ्याला प्रवेशाचे नियम वेगवेगळे आहेत. जाण्याआधी फोन कर. ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचं पत्र, ज्यात तुझं नाव, विषय आणि कालावधी लिहिलेला असेल, त्याच्या चार प्रती काढून ठेव. एका प्रतीसाठी चोडणहून फेरीबोट धरून परत जावं लागू नये. ग्रंथपालांशी बोलताना ‘खाजनावर काही आहे का?’ असं विचारलंस तर त्यांनाही तोच शब्द टाकून बघावा लागेल. त्याऐवजी आपला प्रश्न दोन वाक्यांत सांग, काय काय शब्द टाकून झालेत ती वही दाखव, आणि कोणती पुस्तकं आधीच मिळालीत ते सांग. जे ग्रंथपाल गोवा विभागात वर्षानुवर्षं आहेत त्यांना तालिकेत नसलेल्या गोष्टीही माहीत असतात: कुठल्या स्मरणिकेत कोणता लेख, कुठल्या गावच्या मंदिराच्या पुस्तकात बांधाचा उल्लेख. पाच मिनिटांत ते जे सांगतील ते तुला आठवड्यात सापडणार नाही.

पोर्तुगीजची भीती बाळगू नकोस. तुला अख्खं पुस्तक वाचायचं नाहीच, दोन-तीन पानं गाठायची आहेत. पोर्तुगीज पुस्तकात अनुक्रमणिका बऱ्याचदा अगदी शेवटी असते आणि तिचं नाव ‘इंदिसि’ असतं. इंग्रजी सवयीने तिला निर्देशसूची समजू नकोस, ती प्रकरणांची यादी आहे. तिच्यात शोरांव, काझाना असे शब्द बघ आणि तेवढीच पानं घे. मोबाइलच्या भाषांतर सोयीने आशय कळतो, पण १९११ पूर्वीच्या स्पेलिंगवर ती अडखळते. दुहेरी अक्षरं एकेरी करून टाकलीस तर भाषांतर सुधारतं. आकडे वाचताना जप: पोर्तुगीजमध्ये हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. १.२५० म्हणजे सव्वा नव्हे, बाराशे पन्नास. यंत्राचं भाषांतर अवतरण चिन्हांत कधीही घालू नकोस. ‘मूळ पोर्तुगीज मजकुराचा आशय’ असं म्हणून स्वतःच्या शब्दांत लिही आणि पोर्तुगीज येणाऱ्या कोणाकडून ती चार वाक्यं तपासून घे. पणजीत असे लोक सापडायला वेळ लागत नाही. आणि शक्य तिथे तीच माहिती परेरा किंवा कोसंबी यांच्या इंग्रजीत मिळते का ते आधी बघ.

कायद्याच्या पुस्तकांत वर्ष जपून लिही. कोमुनिदादींची संहिता १९६१ ची, म्हणजे मुक्तीच्या आधी काही महिने लागू झालेली. कूळ कायदा १९६४ चा, आणि त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. दुकानात मिळणारी प्रत दुरुस्त्या धरून छापलेली असते, त्यामुळे १९६४ मध्ये काय होतं हे तिच्यावरून सांगता येत नाही. कलमाखालच्या बारीक टिपेत कोणतं वाक्य कधी घातलं ते दिलेलं असतं. तुझा प्रश्न ‘नंतर काय बदललं’ असा आहे, म्हणून त्या बारीक टिपांतच तुझं उत्तर दडलेलं आहे.

टिपणं काढताना प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षकपानाचा आणि त्यामागच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढ, परवानगी घेऊन. मग प्रत्येक टिपणावर पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणात, स्वतःच्या शब्दांतलं बिनअवतरणाचं. हे आताच वेगळं केलं नाहीस तर पाचव्या आठवड्यात कोणतं वाक्य कोणाचं ते तुलाच ओळखू येणार नाही. झेरॉक्स लागणाऱ्या पानांपुरती काढ. अभ्यासासाठी तेवढं कायद्याला मान्य आहे. अख्ख्या पुस्तकाची मागू नकोस.

राहिला वेबसाइटचा प्रश्न. सरांना बहुधा लेखकाचं नाव नसलेली, आज आहे उद्या नाही अशी पानं नकोत. १८५२ चं पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेलं असेल तर ते पुस्तकच आहे. त्याचा संदर्भ लेखक, नाव, गाव, वर्ष, पान असाच द्यायचा आणि शेवटी कुठे पाहिलं ते एका ओळीत. मात्र पान क्रमांक छापील पानावरचा घे, पडद्यावर वर दिसणारा नको. सुरुवातीची कोरी पानं धरल्यामुळे दोघांत दहा-पंधराचा फरक पडतो. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले, पीएच. डी.चे प्रबंधही चालायला हवेत. तिथे प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या फायलींत असतो. आधी संदर्भसूचीची फाइल उघड, कारण गोव्याच्या जमिनीवर कोणी पाच वर्षं काम केलं असेल तर तुझी अर्धी यादी तिथे तयार आहे. पण यादीतलं पुस्तक स्वतः उघडून पाहिल्याशिवाय आपल्या सूचीत घालू नकोस. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे खारफुटी आणि खाड्यांवरचे लेख संस्थेच्या खुल्या संग्रहात वाचायला मिळतात. ते नियतकालिकांतले लेख आहेत, पुस्तकं नाहीत. दहाच्या मोजणीत धरायचे की अकरावे म्हणून जोडायचे, हे सरांना याच आठवड्यात विचारून घे, आणि विचारताना दोन लेखांची पहिली पानं छापून बरोबर ने.